फेकण्याआधी उघडून पाहा

डोंबिवली पूर्वेला आमच्या गॅलरीत, ग्रिलच्या आतल्या बाजूला, एक मडकं टांगलेलं असायचं. कुंभाराकडून आणलेलं, पोटाला मुठीएवढं भोक असलेलं. त्यात बजी या छोट्या पोपटाच्या मादीने पाच अंडी घातली होती. बजीची पिल्लं अठरा दिवसांत निघतात, एवढंच मला माहीत होतं. पहिलं अंडं दिसलं त्या तारखेवर मी कॅलेंडरमध्ये खूण केली, अठरा दिवस मोजले, वर दोन दिवस वाट पाहिली आणि विसाव्या दिवशी सगळी अंडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. एक अंडं डब्याच्या कडेला लागून फुटलं. आत डोळे मिटलेलं गुलाबी पिल्लू होतं आणि त्याचा पाय हलत होता.

त्या दिवशी मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून घरी आले होते. अंड्याची उभी छेद-आकृती फळ्यावर न बघता काढायची मला सवय होती. तरी एक साधी गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती. बजीची मादी एक दिवस आड अंडं घालते. पाच अंडी घालायला तिला नऊ दिवस लागतात, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या अंड्यानंतर नेटाने बसते. अठरा दिवस मोजायचे ते ती बसल्यापासून, आणि प्रत्येक अंड्याचे वेगळे. शेवटचं अंडं पहिल्यानंतर आठ दिवसांनी आलेलं असतं, मग त्यातलं पिल्लूही सत्ताविसाव्या दिवसाच्या आधी कसं निघेल? मी टाकलेली ती पाच अंडी बिघडलेली नव्हती. माझा हिशेब चुकला होता.

त्यानंतर आजपर्यंत मी एकही अंडं न उघडता फेकलेलं नाही. ही पुस्तिका त्या सवयीतून आली आहे. आधी इमारतीतले, मग ठाकुर्लीचे, कल्याणच्या खडकपाड्याचे, ठाण्यातल्या नौपाड्याचे लोक न उबलेली अंडी माझ्याकडे आणू लागले. कुणी कापसात गुंडाळून कुंकवाच्या डबीत, कुणी शाळेच्या डब्यात. प्रत्येकाचा प्रश्न एकच असे, "जोडी चांगली आहे, मादी नीट बसते, मग पिल्लं का निघत नाहीत?" आणि बहुतेकांनी त्याचं उत्तरही आधीच ठरवलेलं असे. पाहुण्यांच्या मुलाने हात लावला. नजर लागली. ढग गडगडले. आमच्या नशिबातच नाही.

यातलं हात लावण्याचं आधी निकालात काढते. माणसाचा वास लागला म्हणून बजी किंवा फिंच अंडी टाकत नाही. मादी अंडी सोडते ती सारखं डोकावल्यामुळे, मडकं हलवल्यामुळे आणि भीतीने. दोन्ही गोष्टी वरवर सारख्या वाटतात, पण पहिल्या समजुतीपायी लोक गरज असतानाही अंडं तपासत नाहीत, आणि दुसरीकडे दिवसातून दहा वेळा मोबाइलचा उजेड आत मारत राहतात.

अंडं उघडून काय दिसतं, ते एका जूनमधल्या दुपारचं उदाहरण देऊन सांगते. कल्याणच्या एका मुलीने चार अंडी आणली होती. मादी पंचवीस दिवस त्यांच्यावर बसली होती. पांढऱ्या बशीत एकेक अंडं जाड टोकाकडून चमच्याने टिचकवलं. पहिल्यात पिवळा बलक आणि पातळ झालेलं पांढरं, रक्ताचा मागमूस नाही. दुसऱ्यात बलकावर तांबडी बारीक कड, एखाद्या बांगडीसारखी. तिसऱ्यात पिसांचे कोंब फुटलेलं पूर्ण पिल्लू, पण त्याचं डोकं निमुळत्या टोकाकडे. चौथ्यातलंही पिल्लू पूर्ण वाढलेलं, डोकं जाड टोकाकडे, जसं हवं तसं, पण अंग सुजल्यासारखं ओलं आणि आत पाणी. एकाच मडक्यातली, एकाच आईची अंडी, आणि चौघांची कथा निराळी. पहिल्यात बहुधा जीव धरलाच नव्हता. दुसऱ्यात तो धरला आणि चार-पाच दिवसांत गेला, रक्तवाहिन्या आक्रसून ती कड राहिली. तिसरं आडवळणी होतं, हवेची पोकळी असते त्या टोकाकडे त्याची चोच नव्हती, त्यामुळे शेवटच्या क्षणी श्वास घ्यायला त्याला जागाच मिळाली नाही. चौथं मात्र आपल्या हवेचा बळी होतं. त्याकडे मी पुढे येते.

ती मुलगी म्हणाली, "मावशी, म्हणजे चारही वेळा वेगळं काहीतरी चुकलं?" हो. म्हणूनच 'अंडी का उबत नाहीत' या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि दुकानदार देतो ती एक बाटली सगळ्यांवर औषध होऊ शकत नाही.

आमच्याकडे 'क्लिअर' अंडं म्हणून जे बाजूला काढलं जातं, त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंड्याच्या मागे छोटी टॉर्च धरली तर जिवंत अंड्यात लाल रेषांचं जाळं दिसतं. माझी आजी पेण तालुक्यातल्या घरी हेच करायची. खुडूक कोंबडीखालचं अंडं उचलून कौलातून येणाऱ्या कवडशासमोर धरायची आणि 'भरलंय' किंवा 'रिकामं' असं सांगायची. टॉर्चने काही दिसलं नाही की आपण म्हणतो नर नापास, आणि नर बदलतो. पण इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात टिम बर्कहेड आणि निकोला हेमिंग्ज यांनी अशी रिकामी ठरवलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. बलकाभोवतीच्या पापुद्र्यावर शुक्राणू शोधले, बलकावरच्या ठिपक्यातल्या पेशी पाहिल्या. त्यातली कित्येक अंडी मुळात फलित होती. गर्भ पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत, डोळ्यांना दिसण्याआधीच, गेलेला होता. म्हणजे नराला शिक्षा झाली, आणि खरं कारण आईचं पोषण, तिचं वय किंवा जोडीतलं जवळचं रक्ताचं नातं हे तसंच राहिलं. घरी सूक्ष्मदर्शक नसतो हे मला कळतं. तरी अंडं ताजं असताना उघडलं तर बलकावर साधा पांढरा ठिपका आहे की मधोमध फिकट आणि कडेला वर्तुळ असं कडं आहे, हे भिंगाने पाहता येतं. कडं असेल तर जीव धरलेला होता.

खरोखरच रिकामी अंडी येण्याची कारणं साधी असतात आणि बहुतेक पिंजऱ्यातच सापडतात. दोन्ही माद्या असणं हे सगळ्यात मोठं. बजीत नाकपुडीवरची कातडी नराची निळी आणि मादीची तपकिरी, पण पिवळ्या आणि पांढऱ्या जातींत नराचीही जांभळट-गुलाबी राहते, आणि तिथे भलेभले फसतात. खऱ्या लव्हबर्डच्या बहुतेक पाळीव जातींत तर नर-मादी दिसायला सारखेच. (आपल्याकडे बजीलाच लव्हबर्ड म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे पुस्तकं वाचून गोंधळ होतो. बजी ऑस्ट्रेलियाचा, लव्हबर्ड आफ्रिकेचा.) एका मडक्यात आठ-दहा अंडी दिसली तर आधी दोन माद्यांचा संशय घ्यावा. दुसरं कारण सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही, ते म्हणजे हलणारी दांडी. बसायची काठी सैल असली, प्लास्टिकची गुळगुळीत असली, तर नराला तोल सांभाळता येत नाही आणि संयोग अर्धवट राहतो. पेरूची किंवा कडुनिंबाची खरखरीत, नीट अडकवलेली फांदी लावून रिकाम्या अंड्यांची तक्रार संपलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. तिसरं, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेले लठ्ठ पक्षी. आणि चौथं, कोवळं वय. बाजारातून तीन-चार महिन्यांची जोडी आणून लगेच मडकं टांगायचं, हे थांबायला हवं. मादी वर्षाची झाल्याशिवाय मडकं लावू नये.

आता आपली हवा. अंडं बंद डबीसारखं दिसलं तरी ते श्वास घेतं. टरफलावर हजारो छिद्रं असतात, त्यांतून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. उबवणीच्या काळात अंड्याचं वजन साधारण बारा ते पंधरा टक्क्यांनी घटायला हवं. हे पाणी गेलं की जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू टरफल फोडण्याआधी चोचीने त्या पोकळीत शिरून पहिला श्वास घेतं. उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या कडेने वसलेल्या आपल्या गावांत पावसाळ्यात कपडे तीन दिवस वाळत नाहीत. अंड्याचंही तसंच होतं. पाणी आत राहतं, पोकळी लहान राहते, पिल्लू सुजतं आणि श्वासाच्या पहिल्या प्रयत्नात बुडतं. त्या चौथ्या अंड्यातलं पिल्लू असं गेलं होतं. आणि त्याच्या मालकिणीने कुणाच्या तरी सांगण्यावरून मडक्यावर रोज पाणी शिंपडलं होतं. हा सल्ला कोरड्या गावात उपयोगी असेल, जुलैतल्या कल्याणात तो घातक आहे.

एप्रिल-मे उलट. दुपारी पारा चाळिशीला टेकतो. बंद केलेल्या, वर पत्रा असलेल्या गॅलरीत तो त्याहून वर जातो. उबवणीला साधारण साडेसदतीस अंश लागतात, आणि एक्केचाळिसाच्या वर गर्भ तग धरत नाही. मादी घामाघूम होऊन बाहेर आली असं आपण म्हणतो. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतात आणि मडकं सोडतात. उन्हाळ्यात आणखी एक नुकसान होतं, जे दिसत नाही. मादी बसायच्या आधीच, नुसत्या हवेच्या उष्णतेने, गर्भ अर्धवट वाढू लागतो. ना पुरती ऊब, ना पुरता विसावा. अशी अंडी पुढे लाल कड दाखवून थांबतात. बजी आणि झेब्रा फिंच मुळात कोरड्या मुलखातले, तिथे पाऊस पडून गवताला बी धरलं की ते अंडी घालतात. आपण त्यांना बाराही महिने दाणे देतो म्हणून ते बाराही महिने तयार दिसतात. माझं मत स्पष्ट आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मडकं टांगायचं ते नवरात्रानंतर, आणि होळी झाली की काढून ठेवायचं. उरलेले महिने मादीच्या विश्रांतीचे.

कारण तिच्या अंगावर काय पडतं, त्याचाही विचार करायला हवा. तीस-पस्तीस ग्रॅमची मादी दोन-अडीच ग्रॅमचं एक अंडं घालते. पाच अंडी म्हणजे आपल्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा नऊ दिवसांत. टरफल बहुतेक कॅल्शियमचं. ते अन्नातून मिळालं नाही तर ती आपल्या हाडांतून काढते. मग टरफल पातळ होतं, नखाने तडा जातो, कधी अंडं पोटातच अडकतं. अशी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसते आणि शेपूट वरखाली करत राहते. तिला ऊब आणि डॉक्टर दोन्ही तातडीने लागतात. नुसती बाजरी आणि राळे यांत कॅल्शियम पुरेसं नसतं. कोकणच्या किनाऱ्यावर पांढरा, हलका समुद्रफेस वाहून येतो, ते माकुलाचं आतलं कवच. तेच दुकानात कटल बोन म्हणून मिळतं. शेवग्याचा पाला आपल्या दारात आहे आणि तो पालकापेक्षा कितीतरी चांगला, कारण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पण कॅल्शियम पचायला डी जीवनसत्त्व हवं, त्याला ऊन हवं, आणि काचेच्या तावदानातून आलेल्या उन्हात ते किरण नसतात. गॅलरी काचेने बंद करून घेतलेल्या घरांतून माझ्याकडे पातळ टरफलाची अंडी जास्त येतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

दाण्याबद्दल एवढंच की पावसाळ्यात भरलेला मोठा डबा वास घेऊन पाहावा. कुबट वास आला तर तो दाणा पक्ष्याला देऊ नये. बुरशीचं विष अंड्यात उतरतं.

आवाजाची तक्रार सगळे करतात. रोजच्या लोकलच्या आवाजाला पक्षी सरावतात, रुळांलगतच्या घरांतही पिल्लं निघतात. त्रास होतो तो अचानक आणि रात्री. दहीहंडीची कर्कश गाणी, विसर्जनाचे ढोल, दिवाळीचे सुतळी बॉम्ब. कॉकाटेल अंधारात घाबरला तर पिंजराभर आपटतो, मादी मडक्याबाहेर पडते आणि अंधारात तिला परत वाट सापडत नाही. पहाटेपर्यंत अंडी गार. त्या रात्रींपुरता एक मंद दिवा लावून ठेवला तरी फरक पडतो. गणपती-दिवाळीआधीची रंगरंगोटी आणि झुरळांचं औषध हेही याच यादीतलं. आणि स्वयंपाकघराशेजारी पिंजरा असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो.

पिल्लू टरफलापर्यंत पोचलं आणि अडकलं, की माणसाचा हात आपोआप पुढे जातो. इथे मला भायखळ्याची आठवण होते. २०१६मध्ये दक्षिण कोरियातून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतल्या फ्लिपर आणि मोल्ट या जोडीचं अंडं चाळीस दिवस उबवल्यावर १५ ऑगस्ट २०१८ला पिल्लू निघालं. देशात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. आठवडाभरातच ते गेलं. प्राथमिक तपासणीत बलकाची पिशवी शोषली न जाणं आणि यकृताचा दोष ही कारणं सांगितली गेली. वातानुकूलित दालन, चोवीस तास डॉक्टर, आणि तरीही. पुढे त्याच उद्यानात निरोगी पिल्लं जन्मली, वाढली. मला त्यातून जे महत्त्वाचं वाटतं ते असं. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त परत अंगात घेत असतं. पहिला तडा दिसल्यापासून पूर्ण बाहेर यायला त्याला चोवीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. अडकलंय समजून आपण टरफल सोललं तर बलक बाहेर राहतो आणि पापुद्र्यातून रक्त वाहतं. वाचू शकलं असतं असं पिल्लू मायेने मारलं जातं.

रक्ताच्या नात्याचा मुद्दा पुस्तिकेत पुरेसा आला आहे. इथे एकच सांगते. तुऱ्याची बजी तुऱ्याच्याच बजीला लावली तर दोन्हीकडून तुऱ्याचं जनुक घेतलेलं पिल्लू अंड्यातच मरण्याची शक्यता असते. बहीण-भावाच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्या तर असे दोष साचत जातात. न्यूझीलंडच्या काकापो पोपटाचं उदाहरण जगभर दिलं जातं. काही थोड्या पक्ष्यांपासून वाढवलेली ती जात, आणि तिची जवळपास निम्मी अंडी उबत नाहीत. एकाच दुकानातून, एकाच पिंजऱ्यातून नर-मादी उचलताना हे आठवावं.

आणखी दोन गोष्टी, वाद नकोत म्हणून. कंठवाला किंवा करण पोपट, मुनिया, हे आपले रानपक्षी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२पासूनच्या त्या कायद्याच्या आजच्या रूपात, गुन्हा आहे. त्यांच्या अंड्यांबद्दल विचारायला कृपया येऊ नका. परदेशी पक्ष्यांतल्या पुष्कळ जातींची नोंद केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर करणं २०२४च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. साधी बजी, कॉकाटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्यातून बाहेर आहेत, बाकीच्यांनी पाहून घ्यावं. आणि आजारी मादीला घरगुती औषध देत बसण्यापेक्षा परळला न्यावं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आपल्या जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांसाठी उभं आहे, आणि डोंबिवलीहून तिथे लोकलने जाता येतं.

ही पुस्तिका वाचून सगळी अंडी उबतील असं मी म्हणत नाही. रानातही सुमारे दहातलं एक अंडं उबत नाही. पण घरात दहातली सहा-सात जात असतील, तर त्यातली चार-पाच आपल्या हातातली असतात, हे इतक्या वर्षांच्या वह्यांवरून मी ठामपणे सांगते. आणि जिथे दोन हंगाम ओळीने एकही पिल्लू निघालं नाही, तिथे तिसऱ्या वेळी मडकं लावू नका. मादी अंडी घालतेच म्हणाली तर ती तिच्याखालीच राहू द्या, पूर्ण दिवस बसून ती आपण होऊन उठेल. काढून घेतली तर ती पुन्हा घालत राहील आणि झिजेल.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. एक मऊ शिसपेन्सिल घ्या, पेन नको, शाई छिद्रांतून आत जाते. मादी मडक्याबाहेर दाणे खायला आली की प्रत्येक नव्या अंड्यावर हलक्या हाताने आकडा घाला आणि वहीत त्या आकड्यासमोर तारीख लिहा. ती कधीपासून नेटाने बसली ते लिहा. शेवटच्या अंड्याचे दिवस भरल्यावर वर आणखी पाच दिवस थांबा. त्यानंतरही जे उबलं नाही ते पांढऱ्या बशीत उघडा, आत काय दिसलं ते दोन ओळींत त्याच पानावर लिहा. ती वही घेऊन या.